हजेरीपटावरचे नाव : बांधकाम मजुराची हजेरी, पगार आणि सुरक्षितता

बांधकामाच्या कंत्राटातला सर्वांत साधा कागद म्हणजे हजेरीपट. एका मजुराला एक ओळ असते. तीत नाव, वडिलांचे नाव, गवंडी की बिगारी, रोजाचा दर, महिन्याच्या तारखांचे चौकोन, भरलेल्या हजेऱ्या, वजा केलेली उचल, हाती पडलेली रक्कम आणि सहीच्या जागी बहुधा अंगठा. मजुरी या ओळीवर ठरतेच, शिवाय अपघात झाल्यास भरपाई कुणी द्यायची, भविष्य निर्वाह निधीत पैसे जमा व्हायचे की नाही आणि कल्याणकारी मंडळाची नोंदणी मिळायची की नाही, हेही तिच्यावरच अवलंबून असते. ही ओळ कुणी लिहायची आणि तिच्याबद्दल कुणी जबाबदार राहायचे, या प्रश्नाभोवती भारतातल्या बांधकाम कामगारांच्या कायद्यांचा दीडशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास फिरत आला आहे.

मुकादम आणि उचल

एकोणिसाव्या शतकात मोठी बांधकामे सुरू झाली, तेव्हा मजूर मिळवण्याचा एकच मार्ग कंत्राटदारांपुढे होता, तो म्हणजे मुकादम. मुकादम गावोगाव फिरून टोळी जमवी, निघताना उचल देई, कामावर आणून हजेरी घेई आणि कंत्राटदाराकडून आलेली रक्कम टोळीत वाटे. माती आणि दगडाच्या कामांवर वडार टोळ्या असत. मुंबईच्या इमारतींवर तेलुगू मुलखातून आलेले कामाठी राबत. कामाठीपुरा हे नाव त्यांच्याच वस्तीवरून पडले. मजुरांची भरती, हजेरी, पगारवाटप आणि शिस्त ही कामे आज चार वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. तेव्हा ती एकाच माणसाच्या हातात होती आणि त्याचा हिशेब बहुतेक वेळा तोंडीच असे.

या व्यवस्थेत कंत्राटदाराची सोय होती. मजुराचे नाव त्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. किती माणसे लागली आणि किती ब्रास माती निघाली एवढे कळले की त्याचे भागे. मजुराला मात्र आपली मजुरी नेमकी कुणाकडे थकली आहे हे कधीच ठामपणे सांगता येत नसे. कंत्राटदार म्हणे, मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणे, वरून आलेच नाहीत. नवरा-बायको दोघे राबत असले तरी मजुरी बहुधा नवऱ्याच्या नावावर लागे आणि बाईचे काम हिशेबात वेगळे दिसतच नसे.

मजुराने उचल घेतली आणि काम केले नाही, तर काय करायचे याचा कायदा मात्र लवकर झाला. 1859 च्या तेराव्या कायद्याने आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला कैदेची शिक्षा ठेवली. करारभंग मजुराने केला तर तो गुन्हा ठरे, मालकाने केला तर दिवाणी वाद. हा कायदा 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला.

बोरघाटातला संताप

ही व्यवस्था किती धोक्याची आहे हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते बोरघाटात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई-पुणे मार्गासाठी 1856 मध्ये घाटाचे काम सुरू केले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली होते आणि कंत्राट विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होते. सुमारे 25 किलोमीटरच्या चढणीवर 25 बोगदे आणि 8 मोठे पूल बांधायचे होते. बेसॉल्टचा कठीण कातळ सुरुंगाने फोडावा लागे आणि कित्येक ठिकाणी मजुरांना दोरखंडाने कड्यावरून खाली सोडून भोके पाडावी लागत. पावसाळ्यात काम जवळपास थांबे आणि दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा जमवाव्या लागत.

जानेवारी 1859 मध्ये घाटातल्या मजुरांचा संताप उसळला. मजुरी थकते आणि ठरल्यापेक्षा कमी हातात पडते, ही त्यांची तक्रार होती. जमावाने युरोपियन देखरेखदारांवर हल्ला केला आणि त्यात एक युरोपियन मारला गेला. सरकारी चौकशीत मजुरांच्या तक्रारीत तथ्य आढळले. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर थोड्याच दिवसांत आजारपणाने वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले आणि अनुभवी व्यवस्थापकांच्या हातून ते पार पाडले. 1861 च्या सुरुवातीला घाटात 42,000 हून अधिक माणसे कामावर होती. 1863 मध्ये घाटमार्ग खुला झाला.

पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी त्या वर्षांत घाटात फार मोठी मनुष्यहानी झाली. इतिहासकारांना आज तिच्याबद्दल अंदाजानेच बोलावे लागते आणि ते अंदाज हजारोंच्या घरात जातात. बोगद्यांची लांबी फुटांपर्यंत नोंदली गेली, मेलेल्या मजुरांची नावनिशीवार यादी मात्र झाली नाही. ज्याचे नाव हजेरीत पक्के नव्हते, त्याचा मृत्यूही कुठल्या हिशेबात आला नाही.

बोरघाटच्या प्रकरणाचा एक परिणाम म्हणजे 1860 चा नववा कायदा. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरचे मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढावेत, अशी तरतूद त्याने केली. थकलेल्या मजुरीसाठी झटपट दाद मागण्याची वाट त्यामुळे उघडली. पण काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची सोयही त्याच कायद्यात होती.

भरपाई आणि पगाराचे कायदे

पुढचा खरा बदल पहिल्या महायुद्धानंतर झाला. 1923 चा कामगार भरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. कामाच्या ओघात झालेल्या इजेसाठी मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. ठरावीक उंचीच्या इमारती, धरणे आणि पूल यांची कामे त्याच्या कक्षेत आली. कंत्राटी कामाच्या दृष्टीने त्याचे कलम 12 सर्वांत महत्त्वाचे होते. मजूर कंत्राटदाराचा असला तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येईल आणि मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे ते सांगत होते. मुकादम, कंत्राटदार आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवत असताना जखमी माणसाने वाट पाहू नये, हा विचार यात प्रथम कायद्यात उतरला.

कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या 1931 च्या अहवालानंतर 1936 चा पगार देण्याबाबतचा कायदा आला. पगाराचा कालावधी एका महिन्यापेक्षा मोठा नसावा, एक हजारापेक्षा कमी माणसे असतील तर पगार सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत द्यावा, कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज कपात करू नये, असे नियम झाले. सुरुवातीला तो कारखाने आणि रेल्वेला लागू होता. रेल्वेच्या कंत्राटदारांची माणसेही त्यात धरली होती. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत रस्ते आणि इमारतींची बांधकामे आली. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा असला, तरी बांधकाम उद्योग त्याखाली यायला 1980 साल उजाडले.

महाराष्ट्रात हजेरीपटाला आणखी एक महत्त्व आले. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांच्या कामांवर हजारो मजूर रोजंदारीवर असत. या मजुरांबाबतच्या कालेलकर निवाड्याने सलग पाच वर्षे काम केलेल्यांना कायमपणाच्या वाटेवर आणले, आणि त्यासाठी पुरावा होता तो जुन्या हजेरीपटांचा. 1972 च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेत, आणि 1977 च्या तिच्या कायद्यात, हजेरी आणि मोजमाप यांवरच मजुरी ठरली. बोगस हजेरीपटाचा रोगही याच कामांवर बळावला. तिथे माणसाविना नावे लिहिली जात, तर खासगी इमारतींवर नावाविना माणसे राबत होती. दोन्हींत नुकसान खऱ्या मजुराचेच झाले.

मूळ मालकाची जबाबदारी

1970 चा कंत्राटी कामगार कायदा 10 फेब्रुवारी 1971 पासून अमलात आला. वीस किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील, तर मूळ मालकाने आस्थापनेची नोंदणी करावी आणि कंत्राटदाराने परवाना घ्यावा, असे त्याने ठरवले. हजेरीपट, वेतनपट, कपातीची आणि जादा कामाची नोंदवही हे ठरावीक नमुन्यात ठेवणे सक्तीचे झाले. पगारवाटप मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमोर व्हावे आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, ही त्यातली सर्वांत मोलाची तरतूद. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यातून आणलेल्या मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च देण्याचे बंधन घातले.

हे कायदे कागदावरच राहतात का, याची परीक्षा दिल्लीत 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवर झाली. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तिथली स्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. मजुराचा किमान रोज 9.25 रुपये होता. कंत्राटदार ती रक्कम जमादाराला देत आणि जमादार प्रत्येक मजुरामागे रोज एक रुपया कापून 8.25 रुपये हातावर ठेवी. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सप्टेंबर 1982 च्या निकालात स्पष्ट केले, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 ने मनाई केलेली सक्तीची मजुरीच होय. बांधकाम हे धोक्याचे काम असल्याने चौदा वर्षांखालील मुलांना तिथे लावता येणार नाही आणि कंत्राटदाराच्या चुकीमुळे सरकारी यंत्रणांची जबाबदारी संपत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. जमादाराचा तो एक रुपया मुकादमीच्या जुन्या प्रथेत दस्तुरी म्हणून खपून जाई. न्यायालयाने तो मूलभूत हक्कांच्या कक्षेत आणला.

सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा

कारखान्यातल्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठी 1881 पासून कायदे होते. उंच परांचीवर, खोल खड्ड्यात किंवा सेंट्रिंगखाली काम करणाऱ्याला तसे संरक्षण नव्हते. 1970 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत सुरक्षिततेचे नियम होते, पण ते मोडल्यास मजुराला दाद मागण्याची सोय नव्हती. कामगार संघटनांनी 1980 च्या दशकात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र केंद्रीय कायद्यासाठी मोहीम उभारली. तिचे फळ म्हणजे इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, 1996, आणि त्याच्या जोडीचा उपकर कायदा.

दहा किंवा अधिक कामगारांच्या कामाला तो लागू झाला. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, राहण्याची सोय, प्रथमोपचार आणि पन्नासहून अधिक महिला असतील तर पाळणाघर, ही बंधने आली. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत एका बांधकामावर सुरू केलेल्या मोबाइल क्रेशेसच्या कामाने पाळणाघराची गरज आधीच दाखवून दिली होती, आणि ते काम पुढे मुंबई-पुण्यातही पोचले होते. पाचशे कामगारांच्या पुढे सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी बंधनकारक झाले. परांची, खोदकाम, क्रेन, सुरक्षा पट्टा आणि शिरस्त्राण यांचे सविस्तर नियम 1998 मध्ये आले; महाराष्ट्राचे नियम 2007 चे.

बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेऊन कल्याणकारी मंडळाचा निधी उभा करायचा आणि त्यातून कामगाराला उपचार, मुलांचे शिक्षण, निवृत्तिवेतन यांसाठी मदत द्यायची, अशी योजना होती. उपकर जमा झाला, पण पोचला नाही. मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की देशभरात 37,400 कोटींहून अधिक रुपये जमले आणि त्यांपैकी सुमारे 9,500 कोटीच खर्च झाले. अडचण पुन्हा हजेरीपटावरच्या त्याच ओळीची होती. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दाखला दिला की त्या मजुराची जबाबदारी मान्य केल्यासारखे होते, म्हणून पोटकंत्राटदार तो द्यायला कचरतात. नाक्यावर रोज नवा मालक शोधणाऱ्या मजुराला तर तो मागायचा कुणाकडे हेच ठाऊक नसते. 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्राने नोंदीत बांधकाम कामगारांच्या खात्यात 2,000 रुपये जमा केले; नोंद नसलेल्यांना तेही मिळाले नाहीत.

सुरक्षिततेचे नियम होऊनही दुर्घटना थांबल्या नाहीत. जून 2019 मध्ये पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले. 2023 च्या जुलैअखेरच्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र पडून 20 जण दगावले. सुरक्षितता शिरस्त्राणापुरती नाही. मजूर कुठे झोपतो, रात्रपाळीत कुणाच्या देखरेखीखाली काम करतो, हाही तिचाच भाग आहे, हे या दोन दुर्घटना सांगतात.

आजची व्यवस्था

संसदेने 2019 आणि 2020 मध्ये चार श्रमसंहिता संमत केल्या आणि त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. 1996 चा बांधकाम कामगार कायदा, 1970 चा कंत्राटी कामगार कायदा आणि 1979 चा स्थलांतरितांचा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. उपकर, भविष्य निधी आणि भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेत. कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले. पगार बँकेत जमा करण्याची वाट 2017 च्या दुरुस्तीनेच रुंद केली होती. मात्र कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. छोटी बांधकामे लहान टोळ्यांवरच चालतात, त्यामुळे तिथला मजूर त्या संरक्षणाबाहेर राहतो.

अंगठ्याच्या ठशाची जागा अनेक ठिकाणी चेहरा ओळखणाऱ्या यंत्राने घेतली आहे आणि हजेरी थेट वेतनपटात उतरते. तरी मोठ्या कामावरही विकासक, मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम आणि टोळी ही साखळी कायम आहे. यंत्रावरची हजेरी तिच्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली नाही, तर पगार, विमा आणि भरपाई हे सारे वरच्याच पायरीवर अडते. म्हणून ज्याच्या जमिनीवर आणि ज्याच्या पैशाने इमारत उभी राहते, त्याच्या दप्तरात तिथे राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव पहिल्या दिवसापासून असणे, हीच या सर्व कायद्यांची मूळ अट आहे.