विष्णुदास शिराळींचे वृंदवादन : ध्वनिमुद्रिका, नोंद आणि श्रवण

मराठीतील संगीतविषयक इतिहासलेखन प्रामुख्याने गायकाभोवती फिरत आले आहे. नाट्यपदे, ख्यालाची घराणी, अभंगगायन यांवर विपुल लेखन झाले. मात्र अनेक तंतुवाद्ये एकत्र बसवून सिद्ध केलेल्या वृंदवादनाचा उल्लेख आला तरी तो एखाद्या चरित्राच्या तळटीपेत येतो. विष्णुदास शिराळी हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, याचे एक कारण हे असावे. दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. शिराळी कोणत्याही एका भाषेच्या इतिहासात नीट बसत नाहीत. आडनाव उत्तर कन्नड जिल्ह्यातील गावाचे, तालीम विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयातील, कीर्ती पॅरिस व न्यूयॉर्क येथील रंगमंचांवरची आणि उत्तरायुष्यातील काम मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधले.

उदयशंकरांच्या नृत्यमंडळीचा पहिला प्रयोग ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये झाला. तेव्हा संगीताची धुरा कलकत्त्याचे सरोदवादक तिमिर बरन यांच्याकडे होती आणि शिराळी त्यांचे सहकारी होते. तिमिर बरन मंडळी सोडून परतले. १९३५च्या ‘देवदास’ चित्रपटाचे संगीत त्यांचे. त्यांच्यामागे शिराळी संगीत-दिग्दर्शक झाले. १९३७ साली अमेरिकेच्या दौऱ्यात व्हिक्टर कंपनीने या वृंदाच्या तबकड्या मुद्रित केल्या आणि लेबलावर वृंदास ‘उदयशंकर कंपनी ऑफ हिंदू म्युझिशियन्स’ म्हटले. ‘हिंदू’ हा शब्द तेथे ‘भारतीय’ या अर्थी होता. १९६८मध्ये त्यांचीच दीर्घ तबकडी निघाली, ती बव्हंशी रविशंकरांच्या वाढत्या ख्यातीमुळे. १९३७च्या वादकांत किशोरवयीन रविशंकर होते.

या तबकड्यांची अंकीय रूपे मी बालीगंजच्या मुक्कामात महाजालावर ऐकली. एका बाजूला तीन-चार मिनिटांचे संगीत आणि त्याखाली सुईची अखंड खरखर. छेडीची आणि गजाची वाद्ये बहुतांशी एकच स्वरपंक्ती घेऊन चालतात. पाश्चात्त्य अर्थाने स्वरमेळ असा नाही. वैचित्र्य येते ते कोणते वाद्य केव्हा दाखल होते, केव्हा थांबते, यातून. शिवाय यांतील पुष्कळसे संगीत नृत्यासाठी रचलेले आहे आणि नर्तक तर दिसत नाहीत. एखादी जागा अकस्मात तुटल्यासारखी वाटते, तेथे रंगमंचावर पाऊल किंवा मान वळत असली पाहिजे. नाटकाची संहिता वाचताना रंगसूचना गहाळ झाल्या असाव्यात, तसा हा अनुभव आहे.

ज्यांच्या घरी मी उतरलो होतो ते वयोवृद्ध यजमान शेजारच्या खोलीतून आले आणि दोन आवर्तने ऐकताच म्हणाले, “हा तर तिमिरबाबूंचा मेळ.” मी सन सांगितला, तिमिर बरन तोवर मंडळीत नव्हते हेही सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. विचार करता त्यांचा कान चुकला असे मला म्हणवत नाही. वाद्यांची मांडणी, लहान तुकड्यांची गुंफण ही पद्धत तिमिर बरन यांच्या काळात रुजली होती आणि शिराळींनी ती टाकून दिलेली नव्हती. उलट, मीच त्या तबकडीत पलुसकरांच्या विद्यालयाची शिस्त ऐकू लागलो होतो. वंदे मातरम् आणि रामधून हजारोंच्या सभेत नेणाऱ्या गुरूचा शिष्य येथे वाद्यांकडून समूहगान करून घेत आहे, अशी माझी समजूत झाली. तिला आधार आहे. परंतु ती मला इतकी चटकन सुचली, यात माझ्या मातृभाषेचा वाटा किती, हे तपासून पाहावे लागते. एकच ध्वनिमुद्रिका, आणि दोन श्रोते आपापल्या प्रांताचा इतिहास तिच्यात ऐकत बसलेले.

हे घडले ते बालीगंजात, ज्या परिसरातील रासबिहारी अव्हेन्यूवर बुद्धदेव बसूंचे ‘कविता भवन’ होते. १९५६ साली जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग त्यांनीच उभा केला. साहित्यकृतीला एकाच भाषेच्या दाव्यातून सोडवण्याची सवय आपल्या ज्ञानशाखेला त्यामुळे लागली. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत ती अद्याप लागलेली नाही.

महाजालावरील संग्रहांनी ही अडचण कमी केली आणि वाढवलीही. कमी अशी की, ज्या तबकडीसाठी पूर्वी एखाद्या संग्राहकाचे मन वळवावे लागे, ती आता घरबसल्या ऐकता येते. (मालकी हक्काचा प्रश्न मात्र विलक्षण आहे : भारतीय कायद्याने या मुद्रणांची मुदत केव्हाच संपली, तर अमेरिकेत ती २०३७च्या अखेरीपर्यंत चालते.) वाढवली अशी की, शोध घ्यायचा तो नोंदीतील नावानेच. ‘उदयशंकर’ वा ‘रविशंकर’ अशी अक्षरे दिली की तबकडी समोर येते. ‘शिराळी’ या नावाने, तेही देवनागरीत, मला काही गवसले नाही. रोमन लिपीत ‘विष्णुदास’चे दोन शब्द करून पाहिले तेव्हा एक नोंद मिळाली. लेबलावर जे लहान अक्षरांत होते, ते सूचीत उतरताना गळून गेले होते.

शिराळींचे संगीत नृत्यासह अनुभवायचे, तर ‘कल्पना’ (१९४८) हा उदयशंकरांचा चित्रपट पाहावा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील प्रतींवरून त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि २०१२ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. व्हिक्टरच्या तबकड्यांनंतर तो पाहिला असता, त्या तुटलेल्या वाटणाऱ्या जागांपैकी काहींचा उलगडा होतो.