बोहेमियन ऱ्हॅप्सडी आणि मोरोपंतांचे गाव

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बारामतीचे नाव येते ते मोरोपंतांमुळे. १७२९ साली पन्हाळगडावर जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे स्थिरावले आणि १७९४ मध्ये येथेच निवर्तले. आमच्यापैकी एक या गावचा, दुसरा इंदापूरचा. दोघेही मराठीचे प्राध्यापक. आमची संगीताची अभिरुची मात्र एका इंग्रजी रॉक गीताने घडवली, हे अनेकांना विपरीत वाटते. ते तसे नाही, एवढेच येथे मांडायचे आहे.

गीत 'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. रेडिओवरची गाणी साधारण तीन मिनिटांची असण्याच्या त्या काळात याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद होती आणि त्याला ध्रुवपदच नव्हते. तरीही तेथील विक्रीच्या यादीत ते सलग ९ आठवडे अग्रस्थानी राहिले. गीतकार-संगीतकार फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बलसारा, हा १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी. त्याचे शालेय शिक्षण शेजारच्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीत झाले. तेथेच शाळासोबत्यांच्या 'द हेक्टिक्स' या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे.

पाचगणीच्या वास्तव्यामुळे त्याच्या संगीतात काही मराठी उतरले, असा दावा आम्ही करणार नाही. साम्य आहे ते ऐकणाऱ्याच्या कानात. हे गीत वाद्यांविना, केवळ आवाजांनी सुरू होते. मग पियानोच्या साथीने एक तरुण आईपाशी हत्येची कबुली देतो. गिटारचा विलाप संपताच ऑपेराच्या धर्तीचा संवाद उसळतो. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचेच आवाज एकावर एक मुद्रित करून तेथे मोठ्या समूहगानाचा भास निर्माण केला आहे. त्यानंतर रॉकचा कडकडाट आणि शेवटी शांतता. १९९० च्या दशकात कॅसेटवर हे प्रथम ऐकताना इंग्रजी शब्द निम्मेही उमगले नव्हते, पण रचना परकी वाटली नाही. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान रंगू लागले की बुवा प्रसंगानुसार आर्या, साकी, दिंडी असे छंद बदलतात आणि मध्येच अनुप्रासांनी खणखणणारा कटाव घेतात. एकाच कथेत चाल, लय आणि भाव असे पालटत जाणे आमच्या कानांना ठाऊक होते. ऑपेराचा तो भाग आम्हांला कटावासारखाच भासला.

या गीताने आम्हांला शिकविले ते याहून मोलाचे. त्यावर कृत्रिमतेचा, कारागिरीच्या प्रदर्शनाचा आक्षेप घेतला गेला. नेमका हाच आक्षेप मोरोपंतांवर पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक 'निरोष्ठ' आहे, म्हणजे त्यात ओष्ठ्य वर्ण नाहीत. वर्गात आम्ही हे शब्दचमत्कार म्हणून सांगत असू आणि विद्यार्थी हसत. परंतु कारागिरी आणि कारुण्य परस्परविरोधी असतात, हे गृहीतक त्या गीतापुढे टिकले नाही. त्यातील अपराध्याची व्याकुळता रचनेच्या अवघडपणामुळे मंदावत नाही, उलट त्या अवघडपणातूनच ती ऐकू येते. हे ध्यानी आल्यावर 'केकावली' पुन्हा वाचली. पृथ्वी वृत्ताच्या काटेकोर चौकटीत बांधलेला, मोराच्या केकेवरून नाव घेतलेला तो आर्त धावा आहे. तेथे वृत्त भावनेला बांधून ठेवीत नाही, तर तिला तोलून धरते.

अभिरुची म्हणजे आपले टाकून दुसऱ्याचे घेणे, अशी भीती आपल्याकडे जुनी आहे. आमचा अनुभव उलटा आहे. कीर्तनाने कान तयार केले म्हणून ते परके गीत ऐकता आले, आणि ते ऐकले म्हणून मोरोपंत नव्याने वाचता आले. आज विद्यार्थ्यांच्या कानांत काय वाजते यावर नाक मुरडण्याआधी आम्ही ते ऐकून घेतो. कोण जाणे, त्यातूनच एखाद्याला आर्येची वाट सापडेल.