आगंतुक विक्रेता आणि कचेरीचा उंबरठा

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची एक फोड आपल्याकडे सांगतात. तिच्यात अगदी चपखल बसणारा माणूस म्हणजे फिरता विक्रेता! त्याला कोणी बोलावलेले नसते, त्याची कोणी वाट पाहत नसते, आणि तो येतो तेव्हा नेमकी कामाची गर्दी असते. तरी अतिथीचा मान त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. पेढ्यांच्या आणि कारखान्यांच्या कारभाऱ्यांनी या आगंतुकाला आजवर कसे वागवले, याचा एक छोटासा इतिहास आहे. तो मी नीरेकाठच्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या आधाराने सांगणार आहे.

बारामती म्हटली की आपल्याला मोरोपंत आठवतात. पण मोरोपंतांना आश्रय देणारे बाबूजी नाईक हे सावकारी घराण्यातले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गावाची पेठही डोळ्यांपुढे येते. जुनी पेढी म्हणजे ओसरीवरची गादी, तक्या, पुढ्यात उतरते मेज आणि बाजूला चोपड्या. रस्ता आणि मालक यांच्यामध्ये एक पायरी, बस्स! घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन आलेला धनगर असो की कुप्यांची पेटी उघडणारा अत्तरवाला, तो थेट मालकापुढेच उभा राही. आधी पाणी, मग “कुठून येणं झालं? तिकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?” अशी चौकशी, आणि सर्वांत शेवटी मालाची गोष्ट. विक्रेता हे त्या काळचे वर्तमानपत्रच होते. घ्यायचे नसले तर मालक तिथल्या तिथे सांगे, “आज नको, सुगी होऊ द्या.” नकार देणाऱ्याचा पैसा त्याचा स्वतःचा होता. त्यामुळे त्याला कोणाला विचारावे लागत नव्हते आणि कोणापासून तोंड लपवावे लागत नव्हते.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोख्यांची होळी केली. ज्या दुकानातून कापड आणि धान्य उधारीवर मिळे, त्याच दुकानाच्या वहीत शेतकऱ्याची जमीन हळूहळू गुंतत जाई. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. गोड बोलून माल गळ्यात मारणाऱ्याचा आपल्या माणसाला जो संशय वाटतो, त्याला असा जळजळीत अनुभव आहे. त्याला अडाणीपणा म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

पुढे नीरा डाव्या कालव्याचे पाणी या कोरड्या मुलुखात आले आणि उसाचे फड डोलू लागले. १९१४ साली दौंड-बारामती ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. गुळाच्या ढेपा बाहेर जाऊ लागल्या, तसा नवा मालही आत येऊ लागला. उसाच्या जमिनीला खोल नांगरट हवी आणि गुऱ्हाळाला मजबूत चरक हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तो १९०३ साली. पण लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपवायला विलक्षण चिकाटी लागली. नांगर पाठवा म्हणून शेतकऱ्याने काही पत्र धाडले नव्हते. शेतात उभे राहून, औत चालवून, मातीची ढेकळे उलटून दाखवावी लागली, तेव्हा कोठे विश्वास बसला. म्हणजे ज्याने महाराष्ट्राची शेती पालटली, तो नांगरदेखील शेतकऱ्याच्या दारी न बोलावताच आला होता!

१९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना आणि वालचंदनगर वसवले. मालकाची मुख्य कचेरी मुंबईला, कारखाना माळावर. अशा उद्योगाबरोबर आपल्याकडे एक नवा मनुष्य आला, तो म्हणजे पगारी मॅनेजर. गादीवरच्या शेटजीत आणि त्याच्यात फरक हा, की तो खर्च करतो तो पैसा त्याचा नव्हे. एक चुकीची खरेदी झाली की जाब द्यावा लागतो. म्हणून त्याला दार लागते, दाराशी शिपाई लागतो, भेटीची वेळ लागते. तिकडे विक्रेतेही तयारीचे होऊ लागले होते. अमेरिकेत डेटन गावच्या पॅटर्सनने १८८७ सालीच आपल्या गल्ला-यंत्राच्या विक्रेत्यांना काय बोलावे याची पोथी लिहून दिली होती, आणि ती मुखोद्गत करणे सक्तीचे होते. पुढे ग्रीन रिव्हर नावाच्या गावाने १९३१ साली न बोलावता घरोघर विक्रीला जाण्यावर बंदीच घातली.

स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले आणि प्रश्न आणखी नाजूक झाला. आता पैसा हजारो ऊस उत्पादकांचा. एखाद्या विक्रेत्याच्या चहाला भुलून मॅनेजरने पट्टे किंवा पंप घेतले, तर त्याची किंमत उसाच्या भावातून वळती होणार. म्हणून दरपत्रके, निविदा, खरेदी समिती ही सारी व्यवस्था आली. सुप्याच्या शेतकऱ्याने ज्या उधारीच्या वह्या जाळल्या, त्याच्या पणतवंडांनी आपल्या पैशाला घातलेले हे कुंपणच म्हणायचे.

मी स्वतः काही वर्षे पंपांच्या सुट्या भागांची पेटी घेऊन या भागात हिंडलो आहे. त्यामुळे दाराच्या बाहेरची बाजू मला चांगली ठाऊक आहे. एका ठिकाणी सकाळी दहापासून “साहेब मीटिंगमध्ये आहेत” हे ऐकत बसलो, आणि पाच वाजता साहेब मागच्या दाराने गेल्याचे कळले. दुसऱ्या एका कारखान्यात ऐन गळिताच्या धांदलीत साहेब दारापर्यंत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, “हे बघा, आत्ता मला श्वास घ्यायला फुरसत नाही. गळीत संपलं की दुरुस्तीची यादी निघते, तेव्हा दरपत्रक पाठवा. आणि जेवून जा, कॅन्टीन उघडं आहे.” दोन मिनिटांचे काम! माल दोन्हीकडे खपला नाही. पण पहिल्या ठिकाणी माझा दिवस गेला, आणि दुसऱ्या ठिकाणी मला कामाचा रस्ता कळला.

आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत फाटकावर वही असते. नाव, गाव, कोणाला भेटायचे, वेळ घेतली आहे काय, हे सारे लिहावे लागते. त्या वहीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मॅनेजरचा वेळ हीदेखील कारखान्याची मालमत्ताच आहे, आणि ती उधळण्याचा अधिकार त्याला नाही. पण विक्रेत्याचा वेळ ही त्या गरिबाची एकमेव पुंजी असते, हेही तितकेच खरे. नको असलेला माल नाकारण्याला हरकत कोणाची असणार? हरकत आहे ती माणसाला लोंबकळत ठेवण्याला. जुन्या गादीने आपल्याला पाणी आणि स्पष्ट उत्तर दिले, नव्या कचेरीने हिशेब आणि शिस्त दिली. ही दोन्ही एका दारात नांदू शकतात.

दिवाळीच्या दिवसांत तर, वाचकहो, आपण सारेच आपापल्या घरचे मॅनेजर! पणत्या, उटणे, उदबत्त्या घेऊन कोणी ना कोणी दार ठोठावतेच. घ्यायचे असेल तर घ्या, नसेल तर नाही म्हणा. पण ते दार उघडून म्हणा, आणि लगेच म्हणा. आपल्याकडचा लोखंडी नांगरसुद्धा एकेकाळी असाच, न बोलावता आला होता.