२७. सिव्हिक्सचा बिल्ला

अमेरिकेतील ‘गर्ल स्काउट्स’ संघटनेचा गणवेशावर लावायचा नागरिकशास्त्राचा (सिव्हिक्स) एक प्रावीण्य-बिल्ला. (आपल्या शाळांत मुलींना ‘गाइड’ म्हणतात, तिकडेही १९१३ पर्यंत तेच नाव होते.) पहिले पथक ज्युलिएट गॉर्डन लो यांनी मार्च १९१२ मध्ये जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे काढले. १९१३ च्या हस्तपुस्तिकेत स्वयंपाक, शुश्रूषा यांच्या पंक्तीला हा बिल्लाही आहे. तो मिळवायचा तर राज्यघटनेची उद्देशिका तोंडपाठ असावी लागे. अध्यक्ष कसा निवडतात, सिनेटरची मुदत व पगार किती, मंत्रिमंडळात खाती कोणती, शिवाय आपल्या राज्यात मतदार होण्याच्या अटी काय, हे सगळे सांगता यावे लागे. शेवटचा प्रश्न जॉर्जियातल्या मुलींना बोचला असणार, कारण तिथे बायकांना मतच नव्हते! मताधिकाराची १९ वी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये मंजूर झाली, तरी नावनोंदणीची मुदत टळल्याची सबब सांगून त्या राज्याने नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांना मतदान करू दिले नाही.