व्ही.पी.चं पार्सल ते फवारणी पंप

कपाशीवर तुडतुडे दिसले म्हणून मोबाईलवरून बॅटरीचा पंप मागवला. चौथ्या टाकीलाच बंद. कंपनी म्हणते, परत करायची मुदत संपली. शेजारच्या पंपावर फवारणी उरकली, तोवर पानं आकसली होती. काका म्हणाले, "मोबाईलवर लेवाले कोनी सांगं तुले?"

पण काकांनीच तरुणपणी पेपरातली जाहिरात पाहून व्ही.पी.नं घड्याळ मागवलं होतं. पोस्टमनला पैसे आधी, पार्सल नंतर उघडायचं. महिनाभरात काटे थांबले. तेव्हा दाद मागणार कुणाकडं?

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, २४ डिसेंबरला. राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणतात तो हाच दिवस. पण तक्रार करायची विक्रेत्याचं दुकान-शाखा असेल तिथं, नाहीतर व्यवहार घडला तिथं. दुकान दोंडाईच्याला असलं तर ठीक. मोबाईलवरचा विक्रेता दिल्लीकडं, मी शिंदखेड्यात. मग व्यवहार नेमका घडला कुठं, यावरच आधी वाद.

आपल्यावर आणखी एक आडकाठी होती. शेतकरी माल विकतो, मग तो ग्राहक कसा? राष्ट्रीय बियाणे महामंडळानं बियाण्याच्या खटल्यात हेच म्हटलं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मानलं नाही. पोट भरायला स्वतः राबून शेती करणारा ग्राहकच. सगळं बियाणं पेरून टाकणाऱ्यानं तपासणीला नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाही कोर्टानं धरली नाही. (हे ज्याला कळलं, त्यानं कधीतरी पाभर धरली असणार!)

नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तीन दिवसांनी ऑनलाइन विक्रीचे नियम. तक्रार अधिकाऱ्याचं नाव-नंबर दाखवायचा, ४८ तासांत पोच, महिनाभरात निवारण. पण माझ्या मते खरी गोष्ट दुसरीच: आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. आपल्याला धुळ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ वर फोन करून पाहता येतो.

मी केला. कंपनीची पोच वेळेत आली, मग महिना कोरडा गेला. बिल, पोच, बंद पंपाचा व्हिडिओ सगळं फाईलला लावलंय. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला जातोय. पंपही सोबत घेतोय.