रोजची १ जुलै

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिला, हे आपण शाळेत शिकतो. ज्या लाटेवर हे शेअरदलाल मोठे झाले तिच्यात शहरातील किती घरे बुडाली, हे मात्र आपल्या स्मरणात राहिलेले नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला.

यांतील बरेच सौदे वायद्याचे होते. शेअर हाती घेण्याचा हेतू नसे. ठरल्या दिवशी भावातील फरक तेवढा चुकवायचा. गाठीला पैसा नसलेल्यालाही त्यामुळे लाखांचे व्यवहार करता आले. असे अनेक वायदे १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हायचे होते. परंतु एप्रिलमध्येच युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्या दिवशी फरक चुकवायला कोणाकडेच पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली.

हे आठवण्याचे कारण आमच्या वर्गातील शेवटच्या बाकांवर आहे. तेथे बाकाखाली मोबाइलवर तांबड्या-हिरव्या रेघा हलत असतात. शेअर सकाळी घ्यायचा आणि त्याच दिवशी विकायचा, याला ही मुले ‘इंट्राडे’ म्हणतात. कंपनी काय बनवते, हे त्यांना ठाऊक नसते. त्याची गरजही नसते. वीस हजारांच्या मार्जिनवर लाखाचे शेअर घेता येतात. भाव दोन टक्के उतरला, की दोन हजार, म्हणजे स्वतःच्या भांडवलाचा दहावा हिस्सा गेला. उद्यापर्यंत थांबण्याची सोय नाही. बाजार बंद होण्यापूर्वी सौदा मिटवला नाही, तर दलालाची यंत्रणाच तो मिटवते. दलाली आणि कर नफ्यातही द्यावे लागतात, तोट्यातही.

सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात शेअरांचे असे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. तिशीच्या आतील वयोगटात हे प्रमाण ७६ टक्के होते, तर वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. अनुभवाने माणूस शहाणा होतो, या आमच्या शिक्षकी श्रद्धेला हा शेवटचा आकडा साथ देत नाही.

१८६५ ची पडझड साऱ्या शहराने एकदम पाहिली. पेढ्या बुडाल्या, दिवाळी निघाली, त्यामुळे तिचा इतिहास झाला. आता हिशेबाचा तो दिवस रोज दुपारी येतो आणि एकेकट्याच्या खिशात येतो. परीक्षेचे शुल्क भरायला मुदत मागणारा विद्यार्थी कारण सांगत नाही. पूर्वी आम्ही विचारत नसू, आता विचारतो.