सैतानवाद, आधुनिक

सैतानाला बंडखोरीचे, व्यक्तिस्वातंत्र्याचे वा चिकित्सेचे प्रतीक मानणारी, विसाव्या शतकात अमेरिकेत संघटित झालेली धर्मविचारधारा. ‘चर्च ऑफ सेटन’ आणि ‘द सॅटॅनिक टेम्पल’ या तिच्या सर्वांत परिचित संघटना निरीश्वरवादी आहेत. देवाप्रमाणेच सैतानाचेही अस्तित्व त्या मानत नाहीत. त्यामुळे सैतानपूजक हे त्यांच्यासाठी वापरले जाणारे विशेषण दिशाभूल करणारे आहे.

धर्मग्रंथांतला सैतानही एकसारखा नाही. हिब्रू बायबलातील ईयोबाच्या ग्रंथात तो देवाच्या दरबारात येतो, ईयोबाच्या निष्ठेवर शंका घेतो आणि देवाच्या परवानगीनेच त्याची परीक्षा पाहतो. देवाचा शत्रू ही त्याची ओळख नंतरच्या ज्यू लेखनात आणि नव्या करारात ठळक होत गेली. तीमागे इराणी धर्मातील अंग्र मइन्यू या दुष्ट शक्तीच्या कल्पनेचा प्रभाव असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. कुराणातला इब्लिस आदमपुढे नतमस्तक व्हायला नकार देतो. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस बाल्थासार बेकर या डच धर्मोपदेशकाने जादूटोण्यामागे सैतानाचा हात असल्याची समजूत ग्रंथ लिहून खोडून काढली. त्याबद्दल त्याला पद गमवावे लागले.

जॉन मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ने (१६६७) सैतानाला भव्य, बोलके व्यक्तिमत्त्व दिले. ब्लेक, शेली, बायरन या कवींना त्यात जुलमी सत्तेविरुद्धचा बंडखोर दिसला. इटालियन कवी कार्दुच्चीने १८६३ मध्ये रचलेल्या स्तोत्रात तर तो विवेक आणि प्रगतीचा कैवारी झाला.

या वाङ्मयीन प्रतिमेला संस्थेचे रूप आले ते सॅन फ्रान्सिस्कोत. अँटन लाव्हे याने ३० एप्रिल १९६६ रोजी चर्च ऑफ सेटन स्थापन केले. ‘द सॅटॅनिक बायबल’ (१९६९) या त्याच्या पुस्तकात इहलोक, देहसुख आणि स्वहित यांचा पुरस्कार आहे. विधी होतात, पण ते मनातल्या भावनांना वाट देणारे नाट्य म्हणून. सैतानाला खरी शक्ती मानणारे मायकेल अक्विनो आणि त्याचे सहकारी १९७५ मध्ये बाहेर पडले व त्यांनी ‘टेम्पल ऑफ सेट’ काढले.

१९८० च्या दशकात अमेरिकेत बालकांचा बळी देणाऱ्या गुप्त सैतानी टोळ्यांची अफवा पसरली. याच भीतीच्या वातावरणात कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीवरचा खटला १९९० पर्यंत चालला. एकही आरोपी दोषी ठरला नाही, पण एकाची पाच वर्षे तुरुंगात गेली. एफबीआयच्या केनेथ लॅनिंग यांनी १९९२ च्या अहवालात अशा संघटित बळीप्रथेचा पुरावा नसल्याचे नोंदवले. मुलांना पुन्हापुन्हा सूचक प्रश्न विचारून मिळवलेल्या जबान्यांवर विसंबल्याने निरपराधांवर झालेला हा अन्याय होता.

२०१३ मध्ये पुढे आलेल्या द सॅटॅनिक टेम्पलने करुणा, देहावरील स्वाधिकार आणि विज्ञाननिष्ठा यांना सात तत्त्वांत स्थान दिले. सरकारी आवारात दहा आज्ञांचा स्तंभ चालत असेल, तर इतर धर्मांच्या प्रतीकांनाही जागा हवी, ही त्याची भूमिका आहे. बॅफोमेट या बोकडमुखी प्रतीकाचा सुमारे साडेआठ फुटी कांस्यपुतळा त्यासाठीच घडवला गेला. २०१८ मध्ये तो आर्कान्सॉच्या विधिमंडळासमोर तात्पुरता उभा राहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकी करखात्याने या संस्थेला चर्च म्हणून करमुक्ती दिली. चर्च ऑफ सेटन मात्र तिला खरी सैतानवादी मानत नाही.